गाडीत दोष नाही, असं मी लिहिलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वर्कशॉपमध्ये तेव्हा माझ्याबरोबर काम करणाऱ्या गणेशला यातलं अर्धं माहीत आहे, पण तो विसरला असणार. मला ते जमलं नाही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणूनच तुम्हाला सांगतोय. आणि आधीच सांगून ठेवतो, ऐकता ऐकता ‘नोकरीत असं करावंच लागतं हो’ असं मनात आणू नका. ते मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्याचा वीट आलाय.

नगरला, गावाबाहेर, एका मोठ्या कार कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस ॲडव्हायजर होतो. ग्राहकाची तक्रार ऐकायची, जॉब कार्डावर लिहायची, गाडी चालवून बघायची, संध्याकाळी चावी परत देताना गोड बोलायचं. त्याआधी पंधरा वर्षं मेकॅनिक. हात काळे करून वर आलेला माणूस — आणि त्याचा मला भयंकर माज होता.

त्या सुमारास आमच्या कंपनीच्या डिझेल गाड्यांचं बिंग फुटलं. धूर तपासायच्या मशीनवर गाडी शहाण्यासारखी वागायची आणि रस्त्यावर आली की वाट्टेल तसा विषारी धूर ओकायची. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्येच तशी लबाडी भरून ठेवली होती. पकडले गेले, मग गाड्या परत बोलावल्या. स्टिअरिंगखाली लॅपटॉप जोडायचा, नवीन सॉफ्टवेअर टाकायचं, बॉनेटच्या आत एक स्टिकर चिकटवायचा. आणि मालकाच्या हातात पत्र द्यायचं — या दुरुस्तीमुळे गाडीच्या पिकअपमध्ये किंवा ॲव्हरेजमध्ये कसलाही फरक पडणार नाही.

फरक पडत होता. पहिल्या आठवड्यातच मला कळलं. एसी चालू, गाडीत चार माणसं, समोर चढ — अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबला की गाडी एक-दोन क्षण मेल्यासारखी बसायची, मग एकदम उसळायची. मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, “तुला जाणवलं ना? मग तुझ्यापाशीच ठेव.” पुढच्याच महिन्यात त्याच्या मेहुण्याची गाडी आली. तिच्यात आम्ही सॉफ्टवेअर टाकलंच नाही. नुसता स्टिकर लावला. तो मी माझ्या हाताने लावला. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

मालक यायचे, ओरडायचे. देवळाली प्रवरेचा एक बागाईतदार तर रिसेप्शनमध्ये उभा राहून आमच्या खानदानाचा उद्धार करून गेला. असल्यांपुढे मी वाकायचो. साहेब, बघतो, साहेब, वरती कळवतो, साहेब, चहा. घाबरायचो, दुसरं काय?

सुरेखाबाई ओरडल्या नाहीत.

नेवाशाच्या पुढे एका खेड्यातल्या शाळेत त्या शिक्षिका होत्या. पन्नाशीला टेकलेल्या. गाडी शिकल्या त्याला जेमतेम दोन वर्षं झालेली. शाळेतल्या दोघी बाईंना बरोबर घेऊन जायच्या-यायच्या, आणि एक रविवार आड एकट्या जामखेडला आईकडे. म्हाताऱ्या बाईचे पाय गेले होते, जवळ कुणी नव्हतं. हे सगळं त्यांनीच मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं, हसून, “एवढं लांब एकटी जाते म्हणून आई शेजारपाजारच्यांना गोळा करते गाडी बघायला.”

अपडेटनंतर त्या तीनदा आल्या. तिसऱ्या वेळी शाळेची दुरेघी वही घेऊन आल्या. त्यात त्यांनी लिहून आणलं होतं — गाडी कुठे अडखळली, एसी चालू होता की बंद, गाडीत माणसं किती, गिअर कोणता. सुवाच्य अक्षर, तांबड्या शाईने आखलेले रकाने. शेवटची नोंद नेवासा फाट्याची. हायवेवर वळताना गाडी बसली, मागून उसाचा ट्रक आला, ड्रायव्हरने कसाबसा बाजूला घेतला. मागे बसलेल्या बाई किंचाळल्या होत्या, तेही लिहिलं होतं.

मी ती वही वाचली. प्रत्येक नोंद बरोबर होती. कोणत्याही मेकॅनिकला यापेक्षा नीट सांगता आलं नसतं — आणि मला काय वाटलं असेल? लाज? भीती? नाही हो. मला राग आला. दोन वर्षांपूर्वी स्टिअरिंग धरलेली एक मास्तरीण मला इंजिन शिकवतेय, आणि वर ती खरं बोलतेय. याचा राग.

त्या दिवशी त्यांचे मिस्टर बरोबर होते. साखर कारखान्यात शेती विभागात कामाला. आल्यापासून घड्याळ बघत होते. मला ते बघून सुचलं. मॅनेजरने नाही सांगितलं — तो त्या दिवशी पुण्याला गेला होता. हे माझं स्वतःचं.

“चला, चालवूनच बघू,” मी म्हणालो. आधी मी बसलो स्टिअरिंगवर. मिस्टर शेजारी, सुरेखाबाई आणि गणेश मागे. एसी हळूच बंद केला. गाडी कुठे बसते ते मला माहीत होतं, त्यामुळे तिथे ती जाऊच दिली नाही. इंजिन सतत तापलेलं, गरगरतं ठेवलं, गिअर उशिरा बदलले. बायपासच्या पुलाचा चढ लोण्यासारखा चढून गेलो. मिस्टर म्हणाले, “गाडी तं एकदम फस्क्लास हाय की.”

मग पुलाच्या खाली येऊन मी सुरेखाबाईंना स्टिअरिंगवर बसवलं, मी त्यांच्या शेजारी, आणि मिस्टरांना मागे गणेशजवळ. गाडीत चौघं. “मॅडम, गरम होतंय,” म्हणत एसी पूर्ण सोडला. “मॅडम, अगदी निवांत, घाई नको, दुसऱ्या गिअरमध्ये हळू घ्या.” म्हणजे बरोबर तिथेच नेऊन ठेवलं, जिथे ती गाडी बसते. आणि ती बसली. चढाच्या मध्यावर आचका देऊन बंदच पडली. मागून टेम्पोने हॉर्न धरला. सुरेखाबाईंनी चावी दोनदा फिरवली तरी गाडी सुरू होईना — क्लच दाबायचं त्या विसरल्या होत्या.

मी मागे वळलो. त्यांच्याकडे नाही — मिस्टरांकडे बघून हसलो. “मॅडमना स्कूटी बरी पडेल, नाही का सर?”

ते खो खो हसले. “आवो, मी पयल्यापासून सांगतोय हिला. ऐकती कुठं?”

गणेशही हसला. सुरेखाबाई समोर रस्त्याकडे बघत होत्या. मग दार उघडून खाली उतरल्या, गाडीला वळसा घालून मागे येऊन बसल्या. येताना गाडी मिस्टरांनी चालवली.

वर्कशॉपमध्ये आल्यावर मी जॉब कार्डावर लिहिलं — वाहनात दोष नाही, ग्राहकाची चालवण्याची पद्धत सदोष. खाली त्यांना सही करायला लावली. त्यांनी ते दोनदा वाचलं. “क्लच मी खरंच चुकीचा सोडते का हो?” त्यांनी विचारलं. अगदी मनापासून, शिकायला आलेल्या माणसासारखं.

मी म्हणालो, “होतं मॅडम, वयानुसार.”

त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली. चावी टेबलावर होती. ती मिस्टरांनी उचलली.

इथवर तुम्ही म्हणाल — एक दिवस माणूस वाईट वागला. पण मी एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित आज हे सांगत बसलो नसतो.

सात-आठ महिन्यांनी कंपनीने वर्कशॉपना एक पत्र पाठवलं, फक्त आमच्यासाठी. काही गाड्या आधीच्या अपडेटनंतर कमी वेगात उठताना अडखळतात, त्यासाठी सुधारित सॉफ्टवेअर देत आहोत; नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी टाकून घ्यावे, ग्राहकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. पत्रातलं एकूणएक लक्षण त्या दुरेघी वहीत होतं.

सुरेखाबाईंची गाडी आली. मिस्टर एकटेच घेऊन आले. मी नवीन सॉफ्टवेअर टाकलं. चालवून बघितली — चढावर, एसी सोडून, दुसऱ्या गिअरमध्ये. कुठेही अडखळली नाही. पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. मिस्टर समोर चहा पीत बसले होते. एक वाक्य पुरलं असतं ना? सर, मॅडम बरोबर होत्या, गाडीतच खोट होती. मॅनेजर आसपास नव्हता. कुणी माझी नोकरी घेणार नव्हतं. फार तर मी थोडा खाली आलो असतो, त्या माणसाच्या नजरेत — आणि तो माणूस तरी माझा कोण होता?

ते म्हणाले, “मी चालवायला लागल्यापासून तक्रारच न्हाई बगा. सरावाचा हात लागतो गाडीला.” इतके महिने गाडी अशी बसत होती, ते त्यांना जाणवलं नव्हतं का, की जाणवूनही बोलले नव्हते? मी विचारलं नाही.

“हो ना सर,” मी म्हणालो. “हात लागतोच.”

पुढे ती नोकरी मी सोडली. माझं स्वतःचं गॅरेज आहे आता, बरं चाललंय. गेल्या वर्षी जामखेड रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर तीच गाडी दिसली. मिस्टर टायरची हवा तपासून घेत होते. शेजारच्या सीटवर सुरेखाबाई. मी तोंड फिरवलं, पण त्यांनी ओळखलं होतं. काच खाली करून हाक मारली, “भाऊ, ओळखलं का?”

मला जावं लागलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, आईकडे निघालात का.

“आई गेली, दोन वर्षं झाली. घराचं बघायला निघालोय.” मग म्हणाल्या, “शेवटी शेवटी माझं जाणं नाही झालं फारसं. यांना सवड नसायची, आणि बसनं एका दिवसात जाऊन येणं होत नाही.”

मी मान खाली घातली. तुम्हाला वाटेल, आता तरी. मलाही वाटलं. शब्द तोंडात आले होते, शपथेवर सांगतो — पण माझ्या शपथेला कोण विचारतंय?

त्याच पुढे बोलल्या. “पण तुम्ही त्या दिवशी तोंडावर सांगितलंत ते फार बरं केलंत भाऊ. दुसरं कुणी बोललं नसतं. त्या दोघी बाई माझ्या भरवशावर बसायच्या गाडीत. माझ्या हातून त्यांचं काही झालं असतं तर? मी नंतर लायसनसुद्धा वाढवून घेतलं नाही.” आणि त्यांनी हात जोडले.

“अहो ताई, त्यात काय एवढं,” मी म्हणालो. मिस्टर येऊन बसले, गाडी सुरू झाली, आणि त्यांच्या बाजूची काच वर जाईपर्यंत मी तिथे हसत उभा राहिलो.