चाळीस वॉट आणि तरी फोन बंद

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बायांनो, शेवटी जमेल की नाही, सांगता येत नाही. बी.एस्सी. फिजिक्स झालेल्या बाईनं एक मोबाईल चार्ज करायला किती घोळ घालावा? मी घातला तेवढा कुणी घालू नये!

ओवी झाली ती दिवाळीच्या तोंडावर, माहेरी, आष्टीकडं. पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणं सव्वा महिना आईच्या हातचा शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. पण ऊसतोडीची टोळी काय बाळंतिणीसाठी थांबते होय? बाराव्या दिवशी बारसं झालं, तेराव्या दिवशी आई आणि आप्पा ट्रॅक्टरवर बसून कारखान्याकडं निघाले. आई पाठमोरी बसली होती. म्हटलं, वाऱ्यामुळं असेल.

मी तलवाड्याला, सासरी आले. घरात नवरा, मी आणि तेरा दिवसांचा जीव. नवरा भला माणूस, पण त्याला विचारलं, “अहो, हिला उचकी लागलीये, काय करू?” तर म्हणायचा, “गूगल कर.” गूगल केलं की बाळाला चार असाध्य रोग निघायचे! मग उरली कोण? आई.

आणि आईचा फोन? बंद.

“चार्जिंगच ऱ्हात न्हाई, माय,” ती सांजच्याला दोन मिनिटं बोलायची. “ट्रॅक्टरवाल्याकडं लावावा लागतो. त्याच्याकडं धा जणांची रांग.”

झालं! इथं माझ्या अंगात फिजिक्स संचारलं. वही काढली. आईच्या फोनची बॅटरी साधारण एकोणीस वॉट-तास. टॉर्चचे सहा. झाले पंचवीस. वायरीत, बॅटरीत वाया जाणारं धरून चाळीस. हिवाळ्यात कडक ऊन पाच तास. चाळीस भागिले पाच, आठ. म्हणजे दहा वॉटचं पॅनल आणि दिवसाची वीज साठवायला एक पॉवर बँक. उत्तराखाली दोन रेघा मारल्या! कॉलेजात सुद्धा इतकं सुबक गणित सोडवलं नव्हतं.

गेवराईच्या बशीरचाचांच्या दुकानातून सामान घेतलं आणि टोळीचं पीठ घेऊन जाणाऱ्या पिकअपमध्ये पाठवलं. पहिले दोन दिवस फोन लागला. मी दिवसातून... जाऊ दे, आकडा नका विचारू. तिसऱ्या दिवशी दुपारीच बंद!

आता तुम्हीच सांगा, गणित चुकलं असं कोण मानेल? मी आप्पांना सांजच्याला फैलावर घेतलं.

“आप्पा, पॅनलचं तोंड कुठंय?”

“उगवतीला. देवाचं असतंय तसं.”

“अहो, दक्षिणेला करा! दिवसभर ऊन मिळतं.”

“दक्षिणंला? आगं, ती यमाची दिशा हाय. ऱ्हायच्या कोपीच्या म्होरं त्वांड करून कुणाला बोलवायचं?”

सापडलं! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. आप्पांची समजूत काढली, पॅनल दक्षिणेला वळलं. फोन तरी बंदच. मग मला धूळ आठवली. ढग आठवले. उसाची सावली आठवली. वीस वॉटचं पॅनल पाठवलं. तरी बंद. जानेवारीत ओवीला पहिला ताप आला, त्या दिवशी सांजेपर्यंत मी एकवीस वेळा नंबर फिरवला. बंद, बंद, बंद. ताप दुसऱ्या दिवशी उतरला, माझा नाही उतरला. तशीच बशीरचाचांच्या दुकानात उभी राहिले.

“चाचा, चाळीस वॉट द्या.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “बेटी, मोबाईलच चार्ज करायचा हाय ना? का ऊस पन ह्याच्यावरच तोडनार?”

चाळीस वॉट गेलं. फोन बंद!

शेवटी एका रविवारी नवऱ्याला घेऊन, ओवीला गुंडाळून मीच गेले. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोप्यांची ओळ, आणि आमच्या कोपीवर माझं पॅनल. दक्षिणेला तोंड करून, अगदी अचूक कोनात. काचेवर हळद-कुंकू. यमाचा बंदोबस्त असणार. खाली वायरींचं जाळं आणि टोळीतले सात-आठ फोन चरत बसलेले.

तेवढ्यात आई आली. डोक्यावर वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा, चालणं एका पायावर. ओवी दिसली तसा भारा धाडकन खाली. आणि मी काय म्हणावं? तीन महिन्यांनी आई दिसतेय, मी म्हटलं, “आई, तुझा फोन कुठंय?”

तिनं आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली. ओवीचं पहिलं टोपडं होतं, त्यात गुंडाळलेला फोन. मी बटण दाबलं. सत्त्याण्णव टक्के!

“आई! चार्जिंग हाय की! मग बंद कावून?” मी बोलता बोलता थेट आष्टीच्या बोलीवर घसरले.

आई ओवीकडंच बघत होती. “फडात नीट ऐकू येत न्हाई, बांधावर पळावं लागतंय. पोरीला काय झालं म्हनून काळीज हातात घिऊन पळावं, तर तू म्हननार, शिंकली.”

“मग शिंकलीच होती...”

“एकदा पळता पळता तोडलेल्या उसाच्या खोडक्यावर पाय पडला, अजून भरला न्हाई.” तिनं पाऊल मागं घेतलं, पण फडकं मला दिसलं. “आन तू रडलीस ना फोनवर, की दिसभर डोळ्याला ऊसच दिसत न्हाई. कोयता उसावर पडायचा त्यो पायावर पडंल. म्हनून बंद करते, माय. चार्जिंगचं आपलं सांगायला.”

“आणि ओवीला ताप होता तेव्हा?”

आईनं ओवीच्या कपाळावर हात ठेवला. काढलाच नाही. “कळलं न्हाई गं,” एवढंच म्हणाली.

वहीत मी फोन धरला होता, टॉर्च धरली होती, धूळ, ढग, यम सगळे धरले होते. सगळ्यात जास्त ओढणारं उपकरण तलवाड्यात बसलं होतं, तेच तेवढं यादीत नव्हतं. तिला दहा वॉटच पुरले असते. मला चाळीस पुरले नाहीत.

परतीच्या एस.टी.त ओवी शिंकली. दोनदा. मी ठरवलं होतं, शपथ घेतली होती, शेजारी नवरा डोळे वटारून बघत होता. तरी बोट गेलंच!

“आपण संपर्क करू इच्छित असलेला नंबर सध्या बंद आहे.”

बरं झालं बाई, म्हटलं. आज पाय शाबूत आहे.