ट्रॉली मागं घेणं

ट्रॅक्टर पुढं कुणीही पळवतं. आमच्याकडच्या गावांत मिसरूड फुटायच्या आत पोरं ट्रॅक्टरवर बसतात, गाणी एवढ्या मोठ्यानं लावतात की बांधावरची पाखरं उठावीत, अन् झाले ड्रायव्हर. त्यांना मागं ट्रॉली जोडून द्या अन् म्हणा, घ्या आता मागं. मग बघा मजा.

माझा दीर असलाच एक ड्रायव्हर.

त्या वर्षी मोटारसायकलवरून पडून आमच्या मालकांचा डावा पाय मोडला. पाय प्लास्टरात, अन् ऊस तोडीला आलेला. आमचं रान अरुंद पांदीच्या वाटेच्या टोकाला. एका अंगाला पाण्याची चारी, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचा बांध, आत वळायला जागा न्हाई. म्हणून रिकामी ट्रॉली रस्त्यापासून उलटीच आत न्यावी लागते. दीर म्हणाला, "मी हाय की!" त्याचे दोस्त मागं उभे राहून कोकलायला लागले, "आंदे, आंदे! येऊ दे मागं! स्टेरिंग काप, काप!" ट्रॉली ट्रॅक्टरला आडवी होऊन दुमडली अन् शेजाऱ्याचा पाइप फुटला. चूक कुणाची? तर ट्रॉलीची म्हणे! तोडणीच्या टोळीचा मुकादम तंबाखू थुंकून म्हणाला, "पंधरा दिवसांनी येतो. ट्रॉली आत आली तर तोडू, न्हाईतर दुसऱ्याच्या रानात जाऊ." टोळी एकदा दुसरीकडं गेली की परत कधी फिरकंल याचा नेम नसतो. वर्षभर पाणी दिलेला ऊस उभ्या उभ्या वाळणार होता.

"मी शिकते," मी म्हणलं.

घरातले असे हसले की बस्स. मालकही हसले, पण नंतर त्यांनी खाटेवरून नीट सांगितलं, तेवढं मी मानते. "ट्रॉली जिकडं न्यायची, स्टेरिंग त्याच्या उलटं फिरवायचं. अन् दुमडली की तिच्याशी भांडू नको. पुढं घे, सरळ कर, मग मागं."

ऐकायला काय, सोपंच हाय. हात मात्र ऐकत न्हाईत. त्यांना डावीकडं जायचं असलं की ते डावीकडंच ओढतात. रोज स्वयंपाक उरकला की मी मोकळ्या रानात जायची. पांदीएवढ्या अंतरावर मेखा ठोकल्या होत्या, त्यांच्या मधून मागं जायचं. स्टेरिंग बोटभर फिरवायचं अन् ट्रॉली काय करते ते बघायचं. घाई केली की मेख गेलीच मोडून. मग पुढं घ्यायचं, सरळ करायचं, परत मागं. मान आखडली, क्लच दाबून पिंढरीत गोळे आले. रडलेसुद्धा, खोटं कशाला बोलू?

त्यापेक्षा जास्त ताप बघ्यांचा. हॉटेलात बसून ढुंगणाला घट्टे पडलेली माणसं, जन्मात सायकल मागं घेतली नसंल, ती बांधावर येऊन मला शिकवायची! "जरा रेस द्या वहिनी." "हिकडं काप, हिकडं!" मी एक नियम केला. कुणी तोंड उघडलं की इंजिन बंद. त्यानं चालतं व्हावं, मग चालू. एकजण बिड्या ओढत लई वेळ बसला. मीही बसले, ट्रॅक्टरवरच मेथी निवडली. शेवटी कंटाळून गेला बिचारा.

टोळी आली त्या दिवशी अख्खं गाव पांदीला लोटलं, जसा काय तमाशाच. दीर ट्रॉलीच्या मागं जाऊन उभा. "आंदे वहिनी, आंदे!" मी इंजिन बंद केलं. त्यानं परत हात हलवला. मी पदरानं तोंड पुसलं अन् बसून राहिले. मुकादमच खेकसला, "ओ भाऊ, गप ऱ्हावा की! आमाला तोडायचंय!"

मग पांदीत आवाज राहिला तो फक्त इंजिनचा. मधी एकदा ट्रॉली चारीकडं झुकली, लोक "गेली, गेली" म्हणाले. मी पुढं घेतली, सरळ केली अन् परत मागं. थेट उसाला टेकली.

संध्याकाळी हॉटेलात दीर सांगत होता म्हणे, "मी मागं उभा होतो म्हणून. न्हाईतर बाईमाणसाचं काम हाय का ते?" अन् ती सगळी बिनकामाची मंडळी माना डोलवत होती. माझं टाळकं असं फिरलं की काय सांगू. अजून फिरतं.

यंदा दिराच्या सासरवाडीचा ऊस निघाला तेव्हा तोच दारात आला. रान तिकडंही अडचणीचंच. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. मला ओलांडून त्यानं आत हाक मारली, "दादा, जरा ट्रॉली मागं घ्यायला येतो का?"

आतून मालक म्हणाले, "क्लच दाबंना माझ्या पायानं आता. तिला विचार."

तो उभा राहिला. उंबऱ्याकडं बघितलं, छपराकडं बघितलं. मला काही घाई नव्हती, परातीत पीठ बक्कळ होतं. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "वहिनी... येता का?"

"येते की," मी म्हणलं. "पण भाऊजी, तुमी घरी ऱ्हायाचं."