बाईंचे रविवार

आमच्या बाई वर्गातल्या मुलांना एकमेकांपासून लांब करायच्या. एम.एफ.ए.च्या शेवटच्या वर्षाला, शिक्षण संपल्यावर चित्रकार म्हणून कसं जगायचं, हे त्या शिकवत. गॅलरीवाल्यांशी कसं बोलायचं, आपल्या कामाबद्दल चार ओळी कशा लिहायच्या, हे झटपट उरकत. मग एकेकाला रिकाम्या खोलीत धाडत. तिथे आठवडाभर एकट्याने काम करायचं, कुणाला दाखवायचं नाही.

"बाई, कंटाळा येतो हो," मी एकदा म्हणाले.

"येणारच. कॉलेज सुटलं की रंग मिळतात, कॅनव्हास मिळतो. शेजारी रंगवणारं माणूस मिळत नाही. आत्ताच सवय करून घ्या."

तसंच झालं. बरोबरचे बहुतेक जण हिंजवडीच्या कंपन्यांत डिझाइनच्या नोकरीला लागले. मी सकाळी शाळेत चित्रकला शिकवायचे आणि दुपारी वाघोलीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत रंगवत बसायचे. शाळा सुटल्यावर कुणाशी बोलणं म्हणून होत नसे. तरी चित्रं होत राहिली, ती बाईंनी लावलेल्या सवयीमुळेच. माझ्या पहिल्या प्रदर्शनाला त्या आल्या, सगळं शांतपणे बघितलं आणि "पुढचं सुरू केलंत का?" एवढंच विचारून गेल्या.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. "रविवारी तुमच्याकडे येऊ का? माझे रंग घेऊन येते. बोलणार नाही."

बिबवेवाडीहून बस बदलत आल्या, खिडकीपाशी बसल्या आणि खरंच संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. निघताना चप्पल घालत म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांना एकटं बसायला शिकवलं. मला स्वतःला कधी बसावं लागलंच नव्हतं. कायम पोरं असायची आजूबाजूला. आता घरी ब्रश हातात घेववत नाही."

"दर रविवारी या, बाई."

"तुमचा खोळंबा होईल."

"होऊ दे."

दोन वर्षं त्या येत राहिल्या. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि नागपूरच्या पुतण्याने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी तो माझ्या खोलीखाली गाडीत थांबला. बाई राहिलेलं चित्र न्यायला कशाबशा वर आल्या आणि ते रंगवतच बसल्या. खालून हॉर्न वाजला.

"मला वेगळी खोली देतोय," कॅनव्हासवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "दार लावलं की कुणाचा आवाज येत नाही म्हणे."

मी माझं चित्र पुढे ओढलं. हॉर्न पुन्हा वाजला, तरी आम्ही दोघी रंगवत राहिलो.

पुढच्या रविवारी मी फोन लावला.

"रंग काढलेत का, बाई?"

"नाही अजून. सामान तसंच बांधलेलं आहे."

"काढा. मी फोन चालू ठेवते. बोलणार नाही."

मी काम करत राहिले. मग कुठेतरी दोरी सुटल्याचा, झाकण उघडल्याचा आणि ब्रश बाटलीत खळबळल्याचा आवाज आला.