दोर कोणाच्या हातात

“तेवढं डोंगराचं काढून टाक, अक्का. अन् पोरांना कळू देऊ नको.”

दशरथअप्पा अगदी हळू बोलले. खरं तर ऑफिसात आम्ही दोघंच होतो. हुमनाबादच्या बसस्टँडसमोर माझं ट्रॅव्हल ऑफिस आहे. आखातात कामाला जाणाऱ्यांची तिकिटं आणि बुद्धगयेच्या सहली, यांवर माझं चालतं. संतपूरच्या अप्पांना मीच बुद्धगयेला पाठवलं होतं. म्हणून त्यांच्या मुलाच्या, मिलिंदच्या, हनिमूनचं कामही माझ्याकडेच आलं.

स्वित्झर्लंड आणि इटली. त्यात इटलीतल्या आर्को गावी रॉक क्लाइंबिंग, म्हणजे दोर बांधून उभ्या कड्यावर चढणं. हौस होणाऱ्या सुनेची, सुजाताची. कडगंचीच्या विद्यापीठात शिकताना ती बदामीच्या कड्यांवर चढायला लागली. साखरपुडा झाल्यावर तिनं मिलिंदलाही शिकवलं.

“मी कसं काढू, अप्पा? बुकिंग त्यांचं आहे.”

“जागा मिळाली न्हाई म्हणून सांग की. हातपाय मोडून घ्यायला एवढ्या लांब जायलेत का?”

मला राग आला. पण माणूस खरंच घाबरला होता, एकुलता एक मुलगा. म्हणून समजावून सांगितलं. व्हिसाच्या फाइलीत इटिनररी लागते, म्हणजे कोणत्या दिवशी कुठे जाणार याचा तक्ता. त्यावरूनच मी इन्शुरन्स काढते. साध्या इन्शुरन्समध्ये क्लाइंबिंग बसत नाही, ॲडव्हेंचर कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

“मी कागदावरून डोंगर काढला तरी इटलीतला डोंगर कुठं जात नाही, अप्पा. पोरं चढणारच. अन् पडली तर परमुलखात वाली कोण?”

अप्पांनी विचारलं, “वरून दोर कोण धरतंय?”

“वरून नाही. एकजण चढतो, दुसरा खाली उभा राहून त्याचा दोर सांभाळतो. त्याला बिले देणं म्हणतात.”

“म्हंजे मिलिंद चढला की दोर त्या पोरीच्या हातात?”

“व्हय.”

“अक्का, तरणा असताना मी विहिरी खोदायला जायचो. खाली उतरताना दोर माझ्या मेहुण्यानंच धरायचा. परक्याच्या हाती कधी दिला न्हाई. ही पोरगी तर अजून घरात बी आली न्हाई.”

अडचण डोंगराची नव्हतीच तर. मी त्यांना तोंडावर सांगितलं, “हे मी सुजाताला सांगणार.”

“सांग जा!” म्हणत अप्पा तणतणत निघून गेले.

मी लगेच फोन लावला. वाटलं होतं, पोरगी भडकेल. तिनं फक्त विचारलं, “अप्पांच्या शेतात विहीर आहे ना?”

रविवारी तिनं मलाही संतपूरला ओढून नेलं. विहिरीकाठच्या कडुलिंबाला तिनं दोर पक्का केला आणि हार्नेस काढला. हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा. ती मिलिंदला बांधायला निघाली, तसे अप्पा पुढे झाले.

“त्याला कामून? मला बांध.”

मिलिंदची आई नको नको म्हणत राहिली. अप्पा विहिरीत उतरू लागले. सुजाता वरून हळूहळू दोर सोडत होती. अर्ध्यात गेल्यावर म्हाताऱ्यानं मुद्दाम भिंतीवरचे पाय काढले, हातही सोडले. दोर ताणला गेला आणि जिथल्या तिथे थांबला. सुजाताची नजर त्यांच्यावरून हलली नाही.

कोरड्या तळाशी पोचल्यावर अप्पा विहिरीच्या पायऱ्यांनी वर आले. लिंबाखाली बसून तांब्याभर पाणी प्याले. मग मिलिंदकडे वळले.

“ती चढल्यावर तिचा दोर तू धरणार न्हवं? मग ध्यान देऊन धर. सारखं फोनात बघायलास. पोरगी आपली हाय.”

सुजातानं तोंड फिरवलं आणि दोर गुंडाळायला घेतला. तिचे डोळे भरले होते. माझेही.

व्हिसा आला, लग्न झालं. दोघं आर्कोला जाऊन धडधाकट परतले. आता इटिनररीतून कुणी काही काढायला सांगितलं, की मी काढत नाही. आधी चहा सांगते आणि विचारते, “कामून?”