विहीणबाईंच्या ओटीतलं स्विस घड्याळ

सोन्याचं घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवलं, की त्याला किहीमची खारी हवा लागत नाही आणि बायकोची नजरही लागत नाही. हा शोध मी स्वतःच्या अकलेने लावला होता. त्या अकलेचे पुढे कसे धिंडवडे निघाले, ते सांगतो.

मला जुन्या स्विस घड्याळांचा नाद. माझ्या वडिलांच्या लग्नाच्या सुमाराची, सोन्याची, पापडासारखी पातळ, रोज सकाळी चावी द्यावी लागणारी! साहेबलोकांनी कोटाच्या बाहीखाली घालायची घड्याळं मी बनियनवर घालून नारळाच्या वाडीत हिंडायचो. तिसरं आलं तेव्हा आमच्या सुनंदाने जाहीर केलं, "आता अजून एक घड्याळ या घरात आलं, तर मी चालले बोर्लीला माहेरी!" म्हणून चौथं आणलं ते थेट तांदळात पुरलं. (पट्टा काढून. चामड्याला बुरशी येते. लपवालपवी करावी, पण निगुतीने!)

अशात माणगावची मंडळी आमच्या मयूरीचं लग्न पक्कं करायला आली. मुलगा गुणी, पोरीच्या मनात भरलेला. बोलणी झाली, पोहे झाले आणि सुनंदा मुलाच्या आईची ओटी भरायला बसली. खण, नारळ, सुपारी, हळकुंड, नाणं आणि ताटभर तांदूळ. त्याच डब्यातले!

सुनंदाने चष्मा काढून ठेवला होता. (फोटोत बरा दिसत नाही म्हणून!) तिसऱ्या मुठीत मला काहीतरी पिवळंधमक चमकलेलं दिसलं. सुनंदाला वाटलं, नाणं. गेलं ते ओटीत!

एकच आशा होती. ओटी घेणारी बाई चार दाणे परत ताटात टाकते, त्यात आलं तर आलं! विहीणबाईंनी चार दाणे टाकले. चारच. बाई फार काटेकोर!

"ताई, थांबा!" मी ओरडलो. "तो नारळ नासका वाटतोय. बदलून देतो!" आणि हात पुढे केला.

"अहो!" सुनंदा किंचाळली. "ताईंच्या ओटीला हात घालता? भरलेली ओटी कोणी परत घेतं का?"

विहीणबाईंनी पदर घट्ट आवळला. "आमच्या पदरात पडलेलं काढून घेताय? असलं काय आमच्यात चालत न्हाय हां!" मुलाचे वडील चपला शोधायला लागले. मयूरीने माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा समुद्र बरा! घड्याळ राहिलं बाजूला, पोरीचं लग्नच मोडतंय की काय! बोलावं तर बायको बोर्लीला, न बोलावं तर व्याही माणगावला!

सगळे गप्प झाले आणि त्या शांततेत विहीणबाईंच्या पदरातून आवाज आला. टिक टिक टिक टिक. (सकाळीच चावी दिली होती. मेल्या हाताला खोडच ती!)

विहीणबाईंनी तांदळात हात घातला आणि घड्याळ वर काढलं.

"अगं बया! जावयाला सोन्याचं घड्याळ! आणि ते असं ओटीतनं? म्हणून व्याही नारळाचं नाटक करत व्हते व्हय!"

मुलाच्या वडिलांनी चपला सोडून मला मिठी मारली. मयूरी रडली, मुलगा पाया पडला. सुनंदा गोड हसून म्हणाली, "यांना असलं काही करायला फार आवडतं." आणि मला स्वयंपाकघरात नेऊन अख्खा डबा परातीत उपडा केला. त्यातून पाचवं निघालं.

ते मुलाच्या धाकट्या भावाला गेलं. सुनंदा माहेरी गेली नाही. उरलेली तीन घड्याळं तिने आपल्या कपाटात बंद केली. किल्ली तिच्या कमरेला, आणि मला वेळ बघायला भिंतीवरचं सेलचं घड्याळ.

लग्नात मी सारखा जावयाचा हात हातात घेऊन बसलो होतो. बायका कौतुकाने म्हणाल्या, "बघा तरी, सासऱ्याचा जावयावर केवढा जीव!" पाठवणीला रडू आलं ते मुलीसाठीच, खोटं कशाला बोलू? पण खरा हुंदका फुटला तो जावयाने गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून टाटा केला तेव्हा.