बाहीवरचा नंबर

शेलूबाजारात डॉक्टर बरेच आहेत, पण गुण येतो तो एकाच्याच हाताला, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे. त्यामुळे बाकीचे माश्या मारतात आणि आमच्या डॉक्टरांच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या जिन्याखाली शफीक टेलरचं दुकान. डॉक्टरांपर्यंत पोचायचं तर आधी शफीकपर्यंत पोचावं लागतं.

शफीक पूर्वी शाळेचे गणवेश शिवायचा. रेडिमेडनं ते काम गेलं. आता कुणाची पॅन्ट आखूड कर, कुणाची चेन बदल, असं चालतं. दवाखान्याची गर्दी मात्र त्याच्याच दारात. डॉक्टरांनी फोनवर नंबर देऊन पाहिले, तर फोन कायम बिझी. मग चिठ्ठ्या दिल्या, तर आमच्यातल्या शहाण्यांनी त्यांच्या झेरॉक्स काढल्या. एकाच नंबरचे चार पेशंट भांडता भांडता शफीकच्या मशीनवर पडले, तेव्हा त्यानं वैतागून कापडावर खुणा करायचा निळा खडू उचलला आणि ज्याच्या त्याच्या बाहीवर नंबर टाकून मोकळा झाला. बायांच्या पिशवीवर. डॉक्टरांना हे इतकं पसंत पडलं की वर दाराशी बसणारी निता सिस्टर तेव्हापासून माणसाचं तोंड पाहतच नाही, बाही पाहते.

लोक शफीकला दही आणतात, पपई आणतात. तो परत पाठवतो. बायकोला, नजमुन्निसाला, ताप होता तेव्हा तिलाही त्यानं शेवटचा नंबर दिला. त्या दिवशी घरी जेवायला काय मिळालं हे मी विचारून थकलो, तो काही सांगत नाही.

आता माझं. मी पुंजाजी, एसटीचा रिटायर कंडक्टर. शफीक माझ्या खिशात आहे, अशी गावात माझी ख्याती. ती पसरवली मीच. खरं म्हणजे मी कोंबड्याबरोबर उठून सगळ्यांसारखा रांगेत उभा राहतो.

शेजारच्या गोजराबाईच्या पायांवर सूज आली. चार पावलं टाकली की दम लागायचा. शुक्रवारची झोप तिनं भिंतीला टेकून, बसूनच काढली. शनिवारी दुपारनंतर डॉक्टर बसत नाहीत आणि रविवारी दवाखाना बंद, तेव्हा शनिवारी सकाळी तिला दाखवणं भागच होतं. दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढलं की ती तोंड फिरवायची.

पहाटेच तिच्या दारात जाऊन मी मिशीवर हात फिरवला. "वैनी, तुमी आरामात घरी बसा. शफीक आपला माणूस हाय. नंबर लागला की विकासले फोन करतो, तो गाडीवर आणीन तुमाले."

"भाऊजी, नक्की ना?"

"मले इचारता नक्की?"

सकाळी शफीकनं माझ्या बाहीवर एकवीस टाकला. विसावा गोजराबाईसाठी ठेवला.

"तुमाले आता काय झालं?" त्यानं विचारलं.

"गॅस."

"मागच्या शनिवारीबी गॅसच होता."

"टिकाऊ माल हाय, शफीकभाई."

"बाई येईन तवा तिच्या पिशवीवर टाकतो. पण एकोणीस आत गेला अन् बाई नसली, तं मी थांबणार नाही. एसटी नाही ही तुमची."

मी ऐटीत तिच्या मुलाला फोन लावला. विकास शेतात होता. "विकास, आईचा नंबर लागला. लवकर घरी जाय." एवढं बोलून ठेवून दिला. कमी बोलणं कधी नव्हे ते सुचलं, तेही नेमकं तेव्हा.

आमच्याकडे नंबर दवाखान्यात लागतो, चष्म्याला लागतो आणि वरही लागतो. रात्रभर आईचा दम ऐकलेल्या पोराला त्यातला कोणता आठवणार? तो बांधावरच मटकन बसला. बाजूच्या शेतातला मदनसिंग धावत आला, त्यानं हुंदके ऐकले आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर गोजराबाईचा फोटो फुलं लावून टाकून दिला.

मी तेव्हा समोरच्या हॉटेलात तहसीलमधल्या एका लग्नाची भानगड रंगवून सांगत होतो. फोन थरथरला. चष्मा खिशात. फुलांच्या मधोमध कुणीतरी बाई दिसली. गटावर फुलं आली की वाढदिवस तरी असतो नाहीतर मयत. जोडलेले हात दोन्हीला चालतात. मी हात पाठवले आणि भानगड पुढे सुरू केली.

इकडे विकास रडत घरी पोचला, तर आई पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेली. त्यानं तिच्या पायांना मिठीच मारली. "म्या म्हटलं," गोजराबाई नंतर सांगत होती, "दवाखान्यात नेतानी पोरगं एवढं काहून रडून राह्यलं? मले लय मोठा रोग झाला वाटते."

रडणं निस्तरून ते दोघं पोचले तेव्हा शफीकच्या हातातली कात्री मशीनवर आपटली. विसावा नंबर रांगेतल्या रतनसिंगच्या बाहीवर बसून आत गेला होता.

"शफीकभाई, माह्या आईचा नंबर?" विकास म्हणाला.

"बेटा, गटावर तं..." शफीकनं माझ्याकडे पाहिलं. "मदनसिंगवर मी इश्वास नाही ठेवला. पण कंडक्टरसाहेबानं हात जोडले. शेजारी हाय, म्हटलं, याले तं ठाऊक असन."

सगळी रांग माझ्याकडे पाहू लागली. गोजराबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकली होती. ओठ कोरडे, श्वास वरच्यावर.

"शफीक, आता शेवटचा नंबर नको देऊ," मी म्हटलं. "तवरोक बाई टिकणार नाही."

"एकाचा खोडून दुसऱ्याले मी देत नाही. नजमुन्निसाले नाही देला. पण बाही ज्याची त्याची. तुमची बाही हाय तुमच्यापाशी."

मी जरा घुटमळलो. डॉक्टरांपुढे बसून मला बरंच सांगायचं होतं, पोटाचं कमी, गावाचं जास्त. पण गोजराबाईनं डोळे मिटले आणि माझी बटणं आपोआप निघाली. आत बनियन, आणि बनियनला पोटावर खिडकी. रांगेतल्या बायांनी तोंडावर पदर घेतले, डोळे मात्र उघडे ठेवले.

विकासनं माझा शर्ट तिला लुगड्यावरून चढवला.

"भाऊजी, बिडीचा वास येते," ती पुटपुटली.

वरून नितानं एकवीस पुकारला, बाही पाहिली आणि गोजराबाईला आत घेतलं.

मी शफीकच्या स्टुलावर बसलो. "उघडेच बसले तं माप घेऊन टाकू का?" तो म्हणाला. "कंबर मी पाह्यली, आता छाती कुठी हाय ते दाखवा."

थोड्या वेळानं डॉक्टर स्वतः जिन्यापर्यंत तिला सोडायला आले. इंजेक्शन दिलं होतं. छातीत पाणी होत होतं, आजच्या आज वाशीमला नेऊन ईसीजी काढा, सोमवारपर्यंत थांबला असता तर कठीण होतं, असं त्यांनी विकासला सांगितलं. जीप मिळाली, दोघं बसले आणि निघाले. माझा शर्टही वाशीमला गेला.

मी संध्याकाळपर्यंत मशीनमागे दडून बसलो. जो येई तो दोरा मागायच्या निमित्तानं बनियन पाहून जाई. दिवे लागल्यावर फोन आला. विकास असेल म्हणून उचलला, तर गोजराबाईच. श्वास लांब झाला होता.

"भाऊजी, गोळ्या देल्या, मोकळं वाटून राह्यलं. उद्या घरी सोडतीन. त्या गटावर सांगा, मी हाय म्हणून. साऱ्या गावानं हात जोडले, पण घरी येऊन एकानंबी पाह्यलं नाही."

मी चष्मा लावला. बोटानं एकेक अक्षर दाबत लिहिलं, आणि पाठवण्याआधी शफीकला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं.