काकाजींचं नाक

शेजारचे काकाजी कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी वास घेत. उंबऱ्याशी चपला काढायच्या, डोळे मिटायचे, नाक जरा वर करायचं आणि घरची बाई पाण्याचा पेला घेऊन येईपर्यंत निकाल देऊन टाकायचा. आम्ही नागपुरात हुडकेश्वरला नवीन राहायला आलो तेव्हा माझ्याही घराची अशीच झडती झाली. "झुरळं हायेत तुमच्याकडे. सिंकच्या खाली पाहा," ते म्हणाले. मला भयंकर राग आला. ओळख ना पाळख, आणि पहिल्या भेटीत हा माणूस माझी झुरळं काढतो! ते गेल्यावर सिंकखालचं कपाट उघडलं, तर आत अख्खं खानदान नांदत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी पाठीवर फवारणीचा पंप बांधून दारात उभे. चहा घेतला, दुसरं काही घेतलं नाही.

कळमेश्वरच्या एका कारखान्यात ते फोरमन होते. निवृत्त झाल्यावर कुणी भजनी मंडळ धरतं, कुणी मधुमेह धरतो. काकाजींनी किडे धरले. झुरळांसाठी पीठसाखरेत औषध मळून गोळ्या करायच्या, ढेकणांच्या खाटा वैशाखाच्या उन्हात तापवायच्या, वाळवीच्या भोकांत पिचकारीनं काय काय सोडायचं. त्यांच्या फडताळातल्या एकाही बाटलीवर नाव नसे. विचारलं तर म्हणत, "चिठ्ठी काहून लावाव? नाक हाय नं!"

आणि नाक होतंच, हे कबूल करायला हवं. करोनाच्या आधी एकदा ते रस्त्यानं भाजी घेऊन येत होते. समोरच्या बंगल्याच्या फाटकाशी थबकले, पिशवी तिथेच टाकून आत धावले आणि ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. सिलिंडरची नळी गळत होती; घरातल्यांना पत्ताच नव्हता. त्या दिवसापासून त्यांच्या नाकापुढे गल्लीत कुणाचं काही चालेना. दूध नासलंय का, तूप खवट झालंय का, सगळं त्यांच्याकडे तपासायला जाऊ लागलं.

काकू ठेंगण्या, हसऱ्या, आणि नवऱ्याची टिंगल करण्यात पटाईत. "आमच्याकडे देव नंतर उठते, ह्यायचं नाक आधी उठते," म्हणायच्या. पण भाजीत हिंग जास्त झाला का, हे स्वतः चाखून पाहण्याऐवजी त्या पातेलं काकाजींच्या नाकाखाली धरायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या नाकाला जणू सुट्टीच देऊन टाकली होती.

वडील या वयात विषारी औषधं हाताळतात याची काकाजींच्या पुण्यातल्या मुलाला काळजी वाटे. त्यानं तिकडूनच एका कंपनीला सांगून पेस्ट कंट्रोलवाली दोन माणसं घरी पाठवली. त्यांनी भांडी झाकायला सांगितली आणि म्हणाले, काही तास घर रिकामं करा. काकाजींनी त्यांना चहा पाजला आणि आल्या पावली परत पाठवलं. पुढे ही गोष्ट ते प्रत्येकाला रंगवून सांगत. "किड्यायच्या भेवानं माणसानं घर सोडाव काय? उद्या म्हणतीन गाव सोडा!" आम्ही सगळे हसायचो. घरचा वैद्य फुकटात मिळाल्यावर बाहेरचा कोण बोलावतो?

आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरतात. गच्चीवर वाळवायचा, निवडायचा, आणि सोंडे लागू नयेत म्हणून काही ना काही घालून बंद करायचा. गल्लीतल्या बऱ्याच जणांचा गहू काकाजींच्याच ताब्यात असे. पोती एकत्र रचून ते त्यांत विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्यांच्या पुरचुंड्या ठेवत, वरून ताडपत्री बांधत, आणि काही दिवसांनी ज्याचा त्याला गहू परत देत. दरवर्षी हा कारभार गच्चीवरच्या खोलीत चाले. गेल्या उन्हाळ्यात गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांनी पोती खाली, मागच्या बंद व्हरांड्यात ठेवली. झोपायच्या खोलीच्या खिडकीला लावलेल्या कूलरची पाठ त्याच व्हरांड्यात होती. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काकाजींनाही होतं. पण ताडपत्री पक्की बांधलीय आणि गळालंच तर वास आपल्याला आधी येईल, असं ते सांगत.

एका दुपारी जेवणं झाल्यावर काकू कूलरसमोर आडव्या झाल्या. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, "अहो, सडक्या लसणासारखा वास येऊन राहिला." काकाजी दारात उभे राहिले. डोळे मिटले, नाक वर केलं. "मले तं नाही येऊन राहिला," ते म्हणाले. "काही नाही वं, झोप तू." आणि पलीकडच्या गल्लीत कुणाच्या चौकटीला वाळवी लागली होती, ती पाहायला निघून गेले. काकू झोपल्या.

उन्हं उतरताना ते परतले तेव्हा काकूंना उलट्या झाल्या होत्या आणि हाक मारली तर डोळे उघडत नव्हते. आम्हीच गाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. या विषावर उतारा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गेल्या. पोलीस आले, पोती उचलून घेऊन गेले. आपल्या गव्हाचं नाव गल्लीत पुन्हा कुणी काढलं नाही.

काही दिवसांनी मी डबा घेऊन गेले तर घर धुरानं भरलेलं. ओट्यावर दूध करपून कोळसा झालं होतं, आणि काकाजी शेजारच्या खोलीत पाठमोरे बसलेले. मी धावत जाऊन गॅस बंद केला आणि जवळजवळ ओरडलेच, "काकाजी, वास नाही आला तुम्हाला?"

"नाही येत," ते म्हणाले. "करोना झाला तवापासून नाही येत."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. मधली सगळी वर्षं हा माणूस लोकांच्या उंबऱ्यात डोळे मिटून नुसता उभा राहत होता. झुरळाची लेंडी, वाळवीचे पंख, ओल धरलेली भिंत, जे डोळ्यांना दिसे त्यावरून, आणि जे दिसत नसे तिथे अंदाजानं, तो निकाल देत होता.

"काकूंनाही नाही सांगितलं?"

"काय सांगू? नाकाशिवाय मले कोण इचारते वं?" त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तिले आला होता वास. बरोबर आला होता. माह्यावर भरोसा ठेवून झोपली ती."

मला त्यांचा संताप आला. इतका की डबा तिथेच आपटून निघून जावंसं वाटलं. पण ते ज्या तऱ्हेनं बसले होते ते पाहून गेले नाही. करपलेलं पातेलं घासत बसले आणि रडले.

त्यानंतर काकाजींनी पंपाला हात लावला नाही. घराची दारंखिडक्या सताड उघडी असत. जेवताना झुरळ ताटाशी आलं तरी ते बघत राहत. कुणीही आलं की एकच प्रश्न, "पाहा बरं, कसला वास येऊन राहिला काय?" नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसत नसे.

शेवटी मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. घर भाड्यानं द्यायचं, तर आधी किड्यांचा बंदोबस्त हवा. पुन्हा कंपनीची माणसं आली. सामान गाडीत ठेवून झालं होतं. मी निरोप द्यायला फाटकाशी उभी होते. त्या माणसांनी तोंडाला मास्क लावले तसे काकाजी त्यांच्या आडवे झाले.

"थांबा गा. आत कोणी झोपलं असन."

"बाबा, आत कोणी नाही," मुलगा म्हणाला.

"मी पाहून येतो."

ते आत गेले. एकेका खोलीचं दार उघडल्याचा आवाज येत होता. शेवटी झोपायच्या खोलीचं दार उघडलं. मग त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी हळू, झोपलेल्या माणसाला दचकवायचं नाही अशा बेतानं. "उठ वं. बाहेर चाल. वास येऊन राहिला."

मुलानं तोंड फिरवलं. काकाजी बाहेर आले, चपला घातल्या आणि त्या दोघांना म्हणाले, "करा आता. आत कोणी नाही."